वारं नसलेलं शेत

यवतमाळ जिल्ह्यात पाऊल ठेवण्याआधीच माझ्या लेखाचं शीर्षक मंजूर होऊन आलं होतं. आमच्या संपादकांनी ते सुचवलं, गेम बनवणाऱ्या कंपनीने त्यातला एक शब्द बदलला, आणि मला फक्त जाऊन यायचं होतं. मी पुण्यातल्या एका वेबसाइटसाठी मोबाइल आणि व्हिडिओ गेम यांच्यावर लिहिते. आमच्या धंद्यात परीक्षण आणि जाहिरात एकाच ताटात जेवतात. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला वाटेनासं झालं आहे. कंपनीच्या खर्चाने लिहिलेल्या लेखाखाली आम्ही 'सहकार्याने' असा एक शब्द टाकतो, फिकट राखाडी रंगात. तो वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मेवालेही तो वाचत नाहीत.

गेमचं नाव 'बोंडबहार'. मोबाइलवर कापसाचं शेत करायचं. पेरायचं, निंदायचं, फवारायचं, वेचायचं, विकायचं. या गेममध्ये एका कीटकनाशक कंपनीची गुंतवणूक होती, म्हणून गेममधला फवारणीचा पंप तिच्याच हिरव्या रंगाचा होता. अजून गेम बाजारात यायचा होता. त्याआधी एका पत्रकाराने खरं कापसाचं गाव बघावं आणि गेम किती खरा आहे ते लिहावं, अशी कल्पना. विमान, गाडी, हॉटेल, जेवण सगळं त्यांचं. आता हे सगळं खाल्ल्यावर गेम खोटा आहे असं कोण लिहिणार, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही.

बोंडअळीच्या वर्षानंतरचा दुसरा हिवाळा होता. त्या वर्षी गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली, लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या, आणि फवारणारे मजूर विषबाधेने दवाखान्यात भरती झाले. काही घरी परतले नाहीत. पुण्यात चहा पिताना मी त्या बातम्या वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं.

पांढरकवडा

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालो. सोबत केतन होता, गेम कंपनीचा माणूस, मुंबईचा. वय तिशीच्या आसपास, वागायला अतिशय सभ्य. दार उघडून धरणार, पाण्याची बाटली पुढे करणार, मला 'मॅम' म्हणणार. त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे माझी चिडचिड जास्त होत होती. रस्त्यावर ट्रकच ट्रक. एका ढाब्यावर तर्री घातलेले पोहे खाल्ले. आमच्या पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरवतात आणि वर साखर घालायची की नाही यावर वाद घालतात. इथे तर्रीने डोळ्यांत पाणी आलं आणि वाद मिटला.

पांढरकवड्याच्या पुढे एका शेतात फोटो काढायचे होते. केतनला पांढरंशुभ्र शेत हवं होतं. पण वेचण्या जवळजवळ उरकल्या होत्या. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, उरली होती ती कवडी बोंडं, अळीने खाल्लेली, पिवळट, अर्धवट उघडलेली. केतनने थोडा विचार केला, गाडी मागे गावात पाठवली आणि औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायच्या कापसाचे गुंडाळे मागवले. मग ड्रायव्हर आणि केतनने सोबत आणलेला फोटोग्राफर झाडाझाडाला कापूस चिकटवत बसले. बाजूच्या शेतातल्या वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आधी हसल्या. मग त्यांतली एक म्हातारी आमच्या जवळ आली, तिने एक चिकटवलेलं बोंड बोटांनी चाचपलं आणि परत जाऊन आपल्या ओळीत वेचायला लागली. मलाही हसू आलं होतं, ते तिच्याकडे बघून विरलं.

फोटो मात्र फार सुंदर आले.

दारव्हा

यवतमाळला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दारव्हा, दिग्रस, पुसद असं करत तिसऱ्या दिवशी ढाणकीला पोचायचं होतं. दारव्ह्याला टायर पंक्चर झालं, आणि या प्रवासातली एकमेव गोष्ट जी कंपनीने ठरवली नव्हती ती पदरात पडली. बाजाराचा दिवस होता. काळीपिवळी जीपमधून माणसं उतरत होती, टपावरून पोती उतरत होती. मी आलुबोंडा आणि रस्सा घेतला, स्वतःच्या पैशांनी, आणि त्याचा मला उगाचच अभिमान वाटला. मी सांगलीकडची, उसाच्या मुलखातली. आमच्याकडे बाजारात माणूस आधी पाटील की शिंदे ते विचारतो. इथे एका अनोळखी बाईने आधी विचारलं की जेवली का.

एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन चार्ज करायला लावला. दुकानदार खाली मान घालून फोनचे स्क्रू काढत होता आणि त्याच्या बाजूला एका मोबाइलवर गेमचा व्हिडिओ चालू होता. तो स्क्रीनकडे बघतही नव्हता. नुसता ऐकत होता. एका मुलीचा आवाज, अस्सल वऱ्हाडी. गेम खेळता खेळता ती सगळंच सांगत होती. आता मी पुलावर आली, उजव्या हाताले पडकं घर हाय, घराले दार नाही, दारात एक कुत्रं बसून राह्यलं. गोळीबाराच्या गेममध्ये कुत्रं बसलंय हे कोण सांगतं? आमच्याकडचे गेम खेळणारे नुसते ओरडतात. आणि मध्येच मागून एका पुरुषाचा शांत आवाज यायचा. घराच्या मागं काय हाय? की मुलगी सांगायची, मागं विहीर हाय.

दुकानदार म्हणाला की ती ढाणकीची प्रज्ञा. इकडची सगळी पोरं तिचे व्हिडिओ ऐकतात. तिचं असं आहे की ती जे दिसेल तेच सांगते, एखादा गेम भिकार असेल तर भिकार म्हणते. मी केतनकडे बघितलं. तो हसला. उद्या आपण तिच्याचकडे चाललोय, मॅम. 'बोंडबहार'चा पहिला व्हिडिओ तीच करणार आहे.

ढाणकी

प्रज्ञाचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला कागदी फुलांचा हार. प्रज्ञा पंचवीस-सव्वीसची, बारीक अंगाची, दिवसा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात काम करणारी. तिचा मोठा भाऊ मिलिंद खाटेवर बसला होता. आमच्या पावलांच्या आवाजाकडे तोंड करून तो 'जय भीम' म्हणाला, आणि तेव्हा मला कळलं की त्याला दिसत नाही.

माय वेचणीला जाण्याआधी जेवण करून ठेवून गेली होती. तुरीच्या ओल्या दाण्यांना इथे सोले म्हणतात. सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. थंडीत असं जेवण मी कुठे जेवले नव्हते. पाहुणीला वाढ म्हणून मिलिंद प्रज्ञाला सारखा सांगत होता. केतनही दोनदा मागून घेऊन जेवला.

जेवताना मिलिंदनेच सगळं सांगितलं, अगदी साधेपणाने. बोंडअळीच्या वर्षी तो रोजाने फवारणी करायचा. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंपाचा फवारा वर मारला की तो सगळा तोंडावर यायचा. एका दिवशी वारं फिरलं. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, तो वाचला, पण डोळ्यांपुढे कायमचं धुकं राहिलं. उजेड कळतो, माणूस कळत नाही. त्याआधी बहीण-भाऊ एकाच मोबाइलवर गेम खेळायचे. तो घरी आल्यावर प्रज्ञा त्याच्या बाजूला बसून खेळायला लागली आणि त्याला स्क्रीनवरचं सगळं सांगायला लागली. कुत्रं, विहीर, दार. गंमत म्हणून तिने ते नेटवर टाकलं. लोकांना ते आवडलं. म्हणजे ज्या सवयीमुळे ती प्रसिद्ध झाली, ती मुळात एका माणसासाठी होती.

जेवण झाल्यावर मिलिंद तोंड धुवायला मागे गेला तेव्हा प्रज्ञा माझ्याजवळ सरकली. कंपनी तिच्याशी वर्षाचा करार करणार होती. तो झाला तर दुकान सोडून तिला हेच काम करता आलं असतं आणि भावाला नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नियमित नेता आलं असतं. तिने नाही म्हटलं असतं तर पुसदचा एक मुलगा तयारच होता. तिला काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. तिने तो कागद मला दाखवला नाही. फक्त विचारलं की तुम्हालाही असा कागद देतात का. मी म्हटलं, आम्हाला नुसतं शीर्षक देतात.

दुपारी रेकॉर्डिंग सुरू झालं. दार बंद केलं, पंखा बंद केला. मिलिंद नेहमीसारखा तिच्या बाजूला. पेरणी झाली, निंदणी झाली. प्रज्ञा छान बोलत होती, कागदावरचं आणि तिचं स्वतःचं मिसळून. केतनने मला खुणेने दाखवलं, मस्त चाललंय. मग फवारणीचा टप्पा आला. कागदावर काय असणार हे मला केतनकडच्या माहितीपत्रकावरून ठाऊक होतं. बघा, एका बोटानं फवारणी किती सोपी. पण प्रज्ञाने सवयीने जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली. सवय अशी झटकन सुटत नाही.

"माणूस धुऱ्यावर उभा हाय." धुरा म्हणजे शेताचा बांध. "पाठीवर हिरवा पंप. अंगात बनियन. तोंड उघडंच हाय."

"पऱ्हाटी केवढी हाय?" मिलिंदने विचारलं.

"डोक्याच्या वर."

"मंग त्याले आत नको नेऊ. वारं कोणीकडून हाय?"

प्रज्ञाने स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. पानं हलत नव्हती. गेम बनवणाऱ्याने झाडं उंच केली होती ती दिसायला छान दिसावीत म्हणून, आणि पानं स्थिर ठेवली होती ती साध्या मोबाइलवरही गेम चालावा म्हणून. मी परीक्षणात अशा गोष्टींचं कौतुक करते.

"यात वारंच नाही, दादा."

केतनने हात वर केला आणि थांबवलं. तो रागावला नाही. उलट मिलिंदची माफी मागितली. म्हणाला, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, मी आजच कळवतो, मास्क नक्की टाकू. मग प्रज्ञाला बाजूला घेऊन म्हणाला, मास्क पुढच्या अपडेटमध्ये येईल, पण आत्ता चित्र बदलता येत नाही आणि व्हिडिओ तर हवा आहे. तेव्हा एवढा टप्पा पुन्हा करू या, लिहिलंय तसा. मग त्याने फार हळू आवाजात प्रज्ञाला विचारलं की दादा थोडा वेळ बाहेर बसतील का. प्रज्ञा म्हणाली, दादा इथंच बसतो.

तिने तो टप्पा पुन्हा केला, लिहिल्याप्रमाणे. एकही शब्द चुकला नाही. स्क्रीनवरचा माणूस उघड्या तोंडाने पऱ्हाटीत शिरला, फवारा उडाला, अळ्या टपटप पडल्या, वर चांदण्या चमकल्या. मिलिंद मान थोडी तिरकी करून ऐकत होता. त्याला काही कळत नव्हतं, कारण काही सांगितलंच जात नव्हतं. रेकॉर्डिंग बंद झाल्यावर त्याने विचारलं.

"आता लावलं का त्यानं तोंडाले काही?"

"हो दादा. मास्क लावला."

"अन् डोळ्याले?"

"चष्मा बी हाय."

मिलिंदचा चेहरा खुलला. मंग चांगला गेम हाय, असं तो म्हणाला. प्रज्ञाने मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवला आणि चहा करायला उठली. मला तिचा राग आला नाही. मला केतनचाही राग आला नाही, आणि तेच मला सहन होईना. सगळे जण चांगले वागत होते.

निघताना मिलिंद भिंतीला हात लावत रस्त्यापर्यंत पोचवायला आला. त्यांच्याकडे पाहुण्याला असंच एकट्याने जाऊ देत नाहीत. प्रज्ञा दारात उभी होती. त्याने मला थांबवलं. "ताई, तुम्ही त पाह्यलं असन. खराच मास्क हाय न त्याले?"

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. मी 'हो' म्हणाले.

गाडी उमरखेडच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन्ही बाजूंना उपटून ठेवलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. केतन म्हणाला, भाजी काय अप्रतिम होती, मॅम. मी खिडकीची काच खाली केली. बाहेर चांगलंच वारं होतं.

पुणे

लेख लिहिला. सोल्यांची भाजी, आलुबोंडा, बाजार सगळं आलं. फवारणीवर एक परिच्छेद लिहिला, की गेममधल्या माणसाच्या तोंडाला काही नाही आणि ज्या जिल्ह्यातून हे शेत उचललंय तिथे हे चालणार नाही. लिहिताना हात थांबला. हा लेख मिलिंदला कुणी वाचून दाखवला तर त्याला कळणार होतं की बहीण खोटं बोलली आणि पाहुणीही. तरी मी परिच्छेद पाठवला. संपादकांनी तो उडवला. कारणही सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. आणि मला, लाज कशी वाटली नाही कोण जाणे, हायसं वाटलं. इतकी वर्षं या धंद्यात माझा मजकूर कापला की मी दोन दिवस धुसफुसायची. या वेळी मी संपादकांचे आभार मानायची बाकी होते.

पावसाळ्याच्या तोंडावर गेम बाजारात आला, त्याच दिवशी लेखही आला. खाली राखाडी शब्द. प्रज्ञाचा व्हिडिओ खूप चालला. पुढे गेमचा अपडेटही आला. त्यात पंपाला नवे रंग आले आहेत. मास्क नाही.

आणि मग एका दुपारी मिलिंदचा आवाज मोबाइलवर आला. त्याने बोलून संदेश पाठवला होता. "ताई, जय भीम. मोबाइलनं वाचून दाखवला तुमचा लेख. सोल्याचं बी लिवलं तुम्ही, माय लय खूश झाली. फक्त मास्कचं राहून गेलं. ते लिवा न. इथली पोरं गेम पाहूनच शिकतीन. फवारण्या चालू होऊन राह्यल्या."

तो संदेश मी किती वेळा ऐकला ते मला सांगता येणार नाही. मग प्रज्ञाला फोन लावला. ती दुकानात नव्हती, दुकान तिने सोडलं होतं. मी मिलिंदचा संदेश सांगितला, ती ऐकत राहिली. मग म्हणाली की घरात रोज त्याच्या बाजूला बसून खेळते, पण आता तो कमी विचारतो आणि ती कमी सांगते. का ते तिलाच कळत नाही.

"मी बोलली त करार जाते, ताई. अन् माह्यानं त्याच्या तोंडावर सांगणं बी नाही होत. तुम्ही लिवा. मी वाचून दाखवतो."

आमची वेबसाइट हा मजकूर छापणार नाही, मी तो तिकडे पाठवलाही नाही. दुसरीकडे कुठेतरी येईल. तेव्हा आमच्या वेबसाइटवर माझी नोकरी उरेल की नाही, बघू. याखाली राखाडी शब्द नसेल एवढं नक्की.

तर प्रज्ञा, इथून मोठ्याने वाच.

मिलिंदभाऊ, माणूस धुऱ्यावर उभा आहे. पाठीवर पंप आहे. अंगात बनियन आहे. तोंडाला काही नाही, डोळ्यांना काही नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर आहे आणि तो आत चालला आहे. पान हलत नाही. मी तुम्हाला रस्त्यात 'हो' म्हणाले होते तेव्हाही हे असंच होतं.